नाहगिबूर मोघे

आमच्या इमारतीत पार्सल कुणाच्याही नावाचं येवो, ते घ्यायचे मोघेकाका. पोस्टमनने बाकीच्या बेल वाजवायच्या आत तळमजल्यावरचं डाव्या हाताचं दार उघडायचं आणि काका हात पुढे करून उभे, तीर्थ घ्यायला उभं राहावं तसे. ज्याचं पार्सल तो घरात असला तरी त्यांना काही फरक पडत नसे. एकदा मी सुट्टी घेऊन घरी होते. पोस्टमनचा आवाज ऐकून "थांबा, ते माझं आहे" असं ओरडत जिना उतरले, तर माझ्या डोळ्यांदेखत काकांनी सही ठोकली आणि खोकं घरात नेलं.

"अहो काका, मी आहे ना घरी!"

"असशील. पण आता ते माझ्याकडे आलंय ना? संध्याकाळी ये न्यायला. चहा टाकतो."

आणि दार बंद. आता बोला!

जर्मनीत ही पद्धतच आहे. माणूस घरी नसला की पोस्टमन त्याचं पार्सल शेजाऱ्याकडे ठेवतो आणि टपालपेटीत चिठ्ठी टाकतो, की तुमची वस्तू अमक्याकडे आहे, घेऊन या. आम्ही र्युसेल्सहाइमला राहायला आलो तेव्हा नवं शतक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि लोकांना घरबसल्या वस्तू मागवायची नुकतीच चटक लागली होती. माझा नवरा समीर तिथल्या गाडीच्या कंपनीत, मी रोज ट्रेनने फ्रँकफुर्टला सॉफ्टवेअर तपासायला. आमच्यासारखेच बाकीचेही. दिवसभर इमारतीत चिटपाखरू नसायचं, फक्त मोघेकाका आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्राऊ क्योलर.

पहिली चिठ्ठी मिळाली तेव्हा तिच्यावर 'मोघे' हे नाव वाचून मला केवढा आनंद झाला होता! परमुलुखात तळमजल्यावर मराठी माणूस! मी उड्या मारत खाली गेले, बेल वाजवली. दारात एक उंच, टकले, लोकरी जाकीट घातलेले गृहस्थ उभे. मला बघून दोन्ही हात पसरून गरजले, "नाहगिबूर!"

मला वाटलं, शिवी दिली.

"आत ये. आल्झो, म्हणजे तर मग, पार्सल आहे, पळून जात नाही. आधी सांग, तू माझी कोण?"

"कोण म्हणजे? शेजारी."

"गेनाऊ! तंतोतंत! पण शेजारी म्हणजे काय? जर्मनमध्ये नाखबार. बरोबर? आता मुळात जा. मुळात गेल्याशिवाय काही कळत नाही. हजार वर्षांपूर्वी हेच जर्मन म्हणायचे नाहगिबूर. नाह म्हणजे जवळ, बूर म्हणजे राहायची जागा. तिकडे जुना इंग्रज म्हणायचा नेआहगेबूर, त्याचं झिजून नेबर झालं. जुने सॅक्सन भलते घाईत, ते नुसतंच नाबूर म्हणून मोकळे. उत्तरेकडच्या बर्फातले नाबूई. दूध घालू की लिंबू?"

"दूध. काका, मला जरा..."

"आता या बूरच्या मुळाशी काय? बू. राहणे. आणि त्याच्याही मुळाशी? आपला भू! भवति, भवन! जर्मन माणूस 'मी आहे' म्हणताना 'इख बिन' म्हणतो, तो बिनसुद्धा याच घराण्यातला. म्हणजे या लोकांच्या लेखी राहणं आणि असणं एकच. मग नाखबार म्हणजे काय? जवळ असणारा. बस्स! साखर देणारा नाही, पंचायती करणारा नाही. जवळ असणारा!"

हे सगळं अशा थाटात, की जणू सॅक्सन टोळ्यांनी शब्द ठरवायच्या आधी काकांचा सल्ला घेतला होता. मी पार्सल घेऊन वर आले तेव्हा डाळ करपली म्हणून समीरने पिझ्झा मागवला होता. पार्सलात काय होतं? उशीचे अभ्रे. बाई गं, तेवढ्यासाठी मी हजार वर्षं मागे जाऊन आले होते.

काका आयुष्यभर ब्रेकचे इंजिनियर. पुण्याहून तरुणपणी आलेले, त्याच गाडीच्या कंपनीत गाड्या कशा थांबवाव्यात यावर केस गेलेले, पण स्वतःच्या जिभेला ब्रेक नाही. कंपनीत माणसं कमी करायची टूम निघाली तेव्हा त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. मूलबाळ नव्हतं, आणि बायको काही वर्षांपूर्वी वारल्याचं समीरला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. काका तो विषय काढत नसत. त्यांचा विषय एकच. घरात जाडजूड शब्दकोश, आणि त्यातला प्रत्येक त्या एकाच पानावर आपोआप उघडणारा.

शंका घ्यायची सोय नव्हती. एकदा समीरने विचारलं, "काका, त्या जुन्या गॉथ टोळ्या काय म्हणायच्या?" झालं. काकांनी अशी मान हलवली, की गॉथ म्हणजे त्यांच्या भावकीतले वाया गेलेले पुतणे.

"त्यांचं नाव काढू नकोस. त्यांनी भलताच शब्द घेतला. गराझ्ना. म्हणजे एका घरातला. अरे, एका घरातला तो शेजारी कसा? तो नातेवाईक! एवढा साधा फरक कळत नव्हता, म्हणून तर बुडाले."

गॉथ कसे बुडाले यावर विद्वानांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली असतील, पण काकांच्या स्वरात असा काही ठामपणा होता, की दुसऱ्या दिवशी फ्रँकफुर्ट येईपर्यंत मला ते पटलेलंच होतं.

माझ्या सासूबाई उन्हाळ्यात आल्या होत्या. मी म्हटलं, "आई, खालून एवढं पार्सल आणाल का?" त्या गेल्या त्या दीड-दोन तासांनी वर आल्या. हात रिकामे. पदराने कपाळ पुसत सोफ्यावर बसल्या.

"अगं, हे मोघे कुठल्या पंथाचे?"

"पंथाचे? का हो?"

"सारखं मुळात जा, मुळात जा म्हणतात. आणि चहा काय पाजतात! तीन कप झाले. पार्सल राहू दे बाई त्यांच्याकडेच. काय असेल ते मी तुला नवीन घेऊन देते."

पण सासूबाईंनी एक गोष्ट मात्र बरोबर टिपली. म्हणाल्या, "माणूस गोड आहे. निघताना दारापर्यंत आले आणि पुन्हा या, पुन्हा या, असं चारदा म्हणाले. मग त्यांना आपल्याकडे बोलवत का नाही तुम्ही?"

बोलवत का नाही! मी बोलावून थकले होते. गणपतीत, दिवाळीत, समीरच्या वाढदिवसाला. काका दरवेळी "येतो, येतो, नक्की येतो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. एका दिवाळीत मी चिडून म्हटलं, "काका, फराळाला वर या, नाहीतर मी ताट आणूनच देणार नाही." तर म्हणतात, "पोस्टाने पाठव. मीच घेईन सही करून." कप्पाळ माझं!

इमारतीत एकाच व्यक्तीपुढे काकांची बोलती बंद व्हायची. फ्राऊ क्योलर. वय पंचाहत्तरीच्या पुढे, ताठ कणा, नाकावर माशी बसू न देणारी बाई. जिना झाडायची पाळी कुणाची, सायकल कुठे लावली, कागदाच्या डब्यात प्लास्टिक कुणी टाकलं, सगळं त्यांच्या नजरेत. मला तर त्या दिसल्या की आपण काहीतरी चुकलोय असंच वाटायचं. काकांनी त्यांना सॅक्सन ऐकवले नाहीत की गॉथ. त्या समोरून आल्या की काका भिंतीला चिकटून वाट द्यायचे आणि हळूच "गुटन टाग" म्हणायचे. त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांचं क्रेट मात्र काका दर आठवड्याला तिसऱ्या मजल्यावर वाहून न्यायचे, दाराशी ठेवायचे आणि मांजरासारखे पावलं न वाजवता खाली यायचे. मी एकदा विचारलं, "काका, बेल तरी वाजवा, त्यांना कळू दे." तर म्हणाले, "कळतं त्यांना," आणि पुढे सॅक्सनांकडे वळले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना स्टेशनजवळ ते पिवळं यंत्र उभं राहिलं. भिंतीएवढं कपाट, त्याला पन्नास दारं. नाव नोंदवायचं, आकडे दाबायचे, की आपलं पार्सल असलेलं दार टक्कन उघडतं. ना चिठ्ठी, ना शेजारी, ना चहा. कामावरून येता येता वस्तू हातात! आम्ही सगळ्यांनी महिन्याभरात नावं नोंदवली. सोय कुणाला नको असते हो?

काकांनी यंत्राला नावं ठेवली. "जवळ आहे, पण असणारं नाही," असं म्हणाले. पण त्यांच्या दाराची बेल वाजायची थांबली. संध्याकाळी आम्ही आत शिरलो की ते दार किलकिलं व्हायचं. काका आधी आमच्या तोंडाकडे आणि मग हातातल्या खोक्याकडे बघायचे. "अच्छा, मिळालं वाटतं," म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. तो माणूस दिवसेंदिवस गप्प होत चालला. दाढी वाढलेली असायची. समीर म्हणाला, "काका खंगलेत गं." मलाही दिसत होतंच.

आणि मग इमारतीत नवलाची पार्सलं यायला लागली.

पहिलं आम्हाला आलं. यंत्राच्या नव्हे, घरच्या पत्त्यावर, त्यामुळे पोस्टमनने ते अर्थातच खाली काकांकडे ठेवलं. आत अर्धा किलो मेतकूट. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. आठवडाभराने वरच्या जर्मन जोडप्याला चहाची पत्ती आणि गवती चहा. ती दोघं वाळलेलं गवत हातात घेऊन माझ्याकडे आली, "हे विणायचं असतं का?" आता र्युसेल्सहाइमात मेतकूट आणि गवती चहा टपालाने पाठवणारा दाता कोण, हे ओळखायला पोलीस कशाला लागतात? काका स्वतः पोस्टात जाऊन पार्सल टाकत होते आणि ते फिरून आपल्याच हातात यायची वाट बघत होते. समीर आणि मी पोट धरून हसलो. मग हसू ओसरलं आणि आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. दोघांनी ठरवलं, की काही बोलायचं नाही. चिठ्ठी आली की गुपचूप खाली जायचं, सॅक्सन ऐकायचे, चहा प्यायचा. वरच्या जोडप्यालाही मी तसंच बजावलं. महिनाभर काकांची दाढी गुळगुळीत.

पण पोलीस लागले. म्हणजे खरोखरच आले.

शनिवारची सकाळ होती. फ्राऊ क्योलर दर शनिवारी माइन्झला बहिणीकडे जात. त्या शनिवारी बहिणीला सर्दी झाली, म्हणून त्या घरीच राहिल्या, आणि पोस्टमन खाली आला तेव्हा नेमक्या टपालपेटीपाशी उभ्या होत्या. काका दार उघडेपर्यंत त्यांच्याच नावाचं पार्सल त्यांच्या हातात पडलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आणि चारही कोपऱ्यांवर कसलीशी पूड. लाल आणि पिवळी.

त्या काळात जगभर पाकिटांतून विषारी पूड येण्याची दहशत बसलेली. फ्राऊ क्योलरनी पार्सल हळूच जमिनीवर ठेवलं, हात साबणाने धुतले, पोलिसांना फोन केला आणि आम्हा सगळ्यांना दारं ठोठावून बाहेरच्या हिरवळीवर काढलं. मी नाइटगाऊनवर कोट घातलेला, समीर एका पायात मोजा घालून. दोन पोलीस येऊन पार्सलापासून लांब उभे राहिले आणि वायरलेसवर आणखी कुणाला तरी बोलावू लागले. मी काचेच्या दारातून वाकून बघितलं. हळदकुंकू! अहो, चारही कोपऱ्यांना बोटाने नीट लावलेलं हळदकुंकू!

काका माझ्या शेजारीच उभे होते, चेहरा पांढराफटक.

"काका," मी दातांवर दात ठेवून म्हटलं, "तुम्हीच ना?"

"अगं, चांगल्या कामाची वस्तू. हळदकुंकू लावल्याशिवाय कशी पाठवायची? सवयीने हात गेला. मुळात बघ..."

"मुळात पोलीस बघा आधी!"

तेवढ्यात त्यातला एक पोलीस म्हणाला, की स्टेशनकडचा रस्ता बंद करावा लागेल. काकांनी जाकिटाची बटणं लावली आणि चार पावलं पुढे गेले. त्यांचा नेहमीचा खणखणीत आवाज लागला.

"महाशय, ते पार्सल मी पाठवलं आहे. आत बेसनाचे लाडू आहेत. वरची पिवळी पूड म्हणजे हळद. लाल पूड हीसुद्धा हळदच, चुन्याने लाल होते. आमच्याकडे शुभ वस्तूला लावतात. हवं तर खाऊन दाखवतो."

पोलीस त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही इथेच राहता?"

"तळमजल्यावर. मी यांचा नाखबार."

"मग पोस्टाने कशाला? पाठवणाऱ्याचं नाव का नाही? वर जाऊन बेल वाजवायची आणि हातात द्यायचं!"

मी वाट बघत होते, आता सॅक्सन येणार, आता बर्फातले येणार. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मान खाली घालून उभे. पोलीस पुन्हा म्हणाला, "सांगा ना, बेल का नाही वाजवली?"

"पुरे झालं," फ्राऊ क्योलर म्हणाल्या. त्या तरातरा आत गेल्या, पार्सल उचललं, कागद फाडला, एक लाडू काढून पोलिसांसमोर त्याचा तुकडा मोडून खाल्ला. "मला हे प्रकरण वाढवायचं नाही. हा माझा शेजारी आहे. तुम्ही निघा."

पोलिसांनी काकांना चार शब्द सुनावले, पुढच्या वेळी नाव लिहा म्हणून बजावलं आणि गेले. काका आपल्या घरात शिरले. मला राहवेना. कपडे बदलून खाली गेले, तर त्यांच्या दारात फ्राऊ क्योलर, बगलेत लाडवांचा डबा, बेल वाजवत होत्या. काकांनी दार उघडलं.

"हेर मोगे," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं एक पार्सल चुकून माझ्याकडे आलं होतं."

आम्ही तिघं टेबलाशी बसलो. फ्राऊ क्योलर म्हणाल्या, "फार गोड आहे," आणि दुसरा घेतला. काकांनी चहा ओतला. मग मीच म्हटलं, "काका, खरंच का हो? बेल वाजवायला काय झालं होतं?"

काका मराठीत बोलू लागले, खालच्या आवाजात.

"सुनंदा गेली तेव्हा मी स्वीडनला होतो. गोठलेल्या तळ्यावर ब्रेकची चाचणी. परत यायला निघालो त्या सकाळी ती या इथे, स्वयंपाकघरात पडली. यांच्याकडे," त्यांनी फ्राऊ क्योलरकडे बघितलं, "आमची किल्ली असायची. या खाली आल्या, ॲम्ब्युलन्समधून गेल्या, शेवटपर्यंत तिच्यापाशी बसून होत्या. मी विमानात. मला काही पत्ता नाही. संध्याकाळी आलो आणि बेल वाजवली. किल्ली खिशात असली तरी मी बेलच वाजवायचो गं. दार तिने उघडायचं, अशी सवय."

फ्राऊ क्योलरना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण 'सुनंदा' कळलं होतं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"दार यांनी उघडलं. मी रिकाम्या घरात येऊ नये म्हणून हॉस्पिटलातून येऊन इथे बसून राहिल्या होत्या. मी विचारलं, तुम्ही का थांबलात? तर म्हणाल्या, मी शेजारीण आहे. एवढंच. हा शब्द मी पंचवीस वर्षं ऐकत होतो, त्या आठवड्यात पहिल्यांदा डिक्शनरीत बघितला. मी नव्हतो, या होत्या. पण तेव्हापासून कुणाच्याही बेलपाशी बोट गेलं की आवळतं. वाटतं, आपण वाजवणार आणि दार भलत्याच माणसाने उघडायचं. म्हणून म्हटलं, लोकांनीच आपल्याकडे यावं. पार्सलं त्याला बरी पडायची."

मला रडूच फुटलं. फ्राऊ क्योलरनी मला रुमाल दिला आणि काकांच्या पाठीवर दोनदा थोपटलं, पोराच्या पाठीवर थोपटतात तसं. मग म्हणाल्या, की पुढच्या आठवड्यात पाण्याचं क्रेट आणाल तेव्हा आत येऊन ठेवा, माझी कंबर दुखते.

मी नाक पुसलं आणि चांगलं दटावलं. "उद्या रविवार. दुपारी आमच्याकडे जेवायला यायचं. ताट खाली येणार नाही, पोस्टाने तर मुळीच नाही. दार लावलेलं असेल. तुम्ही बेल वाजवायची, मी उघडणार."

काकांनी माझा कप पुन्हा भरला.

रविवारी मी मसालेभात केला, कोशिंबीर केली, पानं मांडली. एक वाजून गेला. जिन्यात पावलं वाजली आणि आमच्या दाराशी थांबली. पुढे काही नाही. समीर उठला, "आलेत वाटतं, उघडतो." मी त्याचा हात धरला. "थांब." मी दाराला चिकटून उभी राहिले. पलीकडे काकांचा श्वास ऐकू येत होता. ते खाकरले. एक पाऊल मागे गेले. गेले की काय? मग पाऊल पुन्हा पुढे आलं.

बेल वाजली, अगदी जेमतेम.

मी दार उघडलं. काका बोट तसंच बटणावर ठेवून उभे होते, डोळे गच्च मिटलेले.

"मीच आहे, काका," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं, आणि बूट काढायला खाली वाकले.